गाडी विकली, पैसे मिळाले, तरी आरसीवर नाव जुनंच: काम कुठे अडलंय ते कसं शोधायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या बाबतीत घडत असेल, तर पुढचं वाचा.

– गाडी देऊन कित्येक महिने झाले, पण ई-चलानचे मेसेज अजून तुम्हालाच येतात.
– परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर अर्ज भरताना ओटीपी येत नाही, किंवा भलत्याच नंबरवर जातो.
– गाडीचा नंबर टाकला तर माहितीच सापडत नाही.
– माहिती दिसते, पण ‘नॉट टू बी ट्रॅन्झॅक्टेड’ किंवा ‘ब्लॅकलिस्ट’ असा शेरा दिसतो.
– कर्ज फिटलं, बँकेचं पत्रही आलं, तरी आरसीवर बँकेचं नाव आहे.
– शुल्काचे पैसे खात्यातून गेले, पावती निघाली नाही.
– अर्ज त्रुटी दाखवून परत आला आणि त्रुटी नेमकी काय ते कळत नाही.
– गाडी ज्यांच्या नावावर होती ते वारले आणि आता सही करायला कोणी नाही.

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. अनुभव असा, की ट्रान्सफरचं काम फॉर्म चुकल्यामुळे क्वचितच अडतं. गाडीच्या नोंदीत जुनं काहीतरी राहून गेलेलं असतं, ते त्या वेळी वर येतं. ते न शोधता लोक फॉर्म पुन्हा पुन्हा भरतात, एजंट बदलतात, पैसे घालवतात. म्हणून खालचा क्रम पाळा. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. नोटरी केलेलं करारपत्र म्हणजे मालकीबदल नव्हे. टीटीच्या, म्हणजे मालकीबदलाच्या, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणं म्हणजेही नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि परराज्यात विकली असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. फॉर्म २९ ही विकणाऱ्याची सूचना, फॉर्म ३० हा दोघांचा अर्ज. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात साफ सांगितलं आहे, की अपघात झाला तर भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशा अनेक हातांत गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. त्यामुळे ‘घेणारा करून घेईल’ म्हणून विकणाऱ्याने निवांत बसू नये.

१. नोंद नीट वाचा

खर्च शून्य. एम-परिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका आणि जे दिसेल ते हातातल्या आरसीशी ओळीने ताडून पाहा: मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा, पीयूसी, बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) आहे का, कुठला शेरा आहे का. निम्म्या प्रकरणांचं उत्तर याच पानावर मिळतं, कारण पुढे अधिकाऱ्याच्या स्क्रीनवरही हीच नोंद उघडते. तुमच्या हातातलं स्मार्ट कार्ड काहीही म्हणो, काम नोंदीप्रमाणे चालतं.

माहिती सापडतच नसेल तर गाडी बहुधा जुनी, पुस्तकी आरसीच्या काळातली आहे आणि तिची नोंद संगणकावर चढलेली नाही. ही बॅकलॉग एन्ट्री घरबसल्या होत नाही. मूळ आरसी घेऊन, जिथे गाडीची पहिली नोंदणी झाली त्या आरटीओत अर्ज द्यावा लागतो. एमएच १० ची गाडी असेल तर सांगलीला, एमएच ०९ ची असेल तर कोल्हापूरला. गाडी आता पुण्यात फिरते म्हणून पुण्यात ते होणार नाही.

२. चेसिस नंबर स्वतः पाहा

ही तपासणी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची हीच. मोटारसायकलला नंबर बहुधा हँडलच्या नळीवर उजव्या बाजूला कोरलेला असतो. स्कूटरला सीटखाली किंवा पाय ठेवायच्या जागेजवळ झाकण काढून पाहावा लागतो. फडक्याला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून मळ पुसून घ्या. पातळ कागद घट्ट धरा आणि पेन्सिलचं शिसं आडवं ठेवून हलक्या हाताने फिरवा. अक्षरं पांढरी उमटतात, भोवती करडं होतं. हेच ते पेन्सिल प्रिंट, जे फॉर्मवर चिकटवायला मागतात. कागद न सरकवता दोनतीन प्रिंट काढून ठेवा, एक फाटतंच.

आता एकेक अक्षर आरसीशी जुळवा. अलीकडच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. म्हणजे आरसीवर जिथे ‘ओ’ वाटतं तिथे शून्यच आहे, ‘आय’ वाटतं तिथे १ हा आकडाच आहे. पोर्टलवर ओ टाइप केला की नोंद जुळत नाही आणि माणूस पोर्टलला दोष देत बसतो. इंजिन नंबरला मात्र हा नियम लावू नका. सुरुवातीची तीन अक्षरंही बोलतात: एमबीएल म्हणजे हिरो, एमई४ म्हणजे होंडाची दुचाकी, एमडी२ म्हणजे बजाज, एमए३ म्हणजे मारुती. हिरोच्या गाडीवर दुसरंच काही निघालं, किंवा कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा, वेल्डिंग, वाकडीतिकडी अक्षरं दिसली, तर इथेच थांबा. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर गाडी रस्त्यावर काढू नका आणि थेट मोटार वाहन निरीक्षकाकडे किंवा पोलीस ठाण्यात जा. हे एजंटाचं काम नाही. ‘साहेबांशी बोलून करून देतो’ म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा.

३. चलान, पीयूसी, विमा, नंबरप्लेट

चलान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवरही पाहा आणि परिवहनच्या ई-चलान पोर्टलवरही पाहा. गाडी परराज्यात फिरली असेल तर एका ठिकाणी दिसतं ते दुसरीकडे दिसेलच असं नाही. थकलेलं चलान असेल तर ट्रान्सफर अडू शकतं. चलान मान्य नसेल तर तक्रार करा, रक्कम मोठी असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीची वाट पाहता येते. पण मग तोवर गाडी विकू नका. भरल्याची पावती जपून ठेवा, शेरा उतरायला कधी कधी दोनचार दिवस लागतात.

पीयूसी संपली असेल तर काढा. त्यावर जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

विम्याच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार दिसतो. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला ५ वर्षांचा आणि नवीन मोटारीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो भाग संपला की लोक ‘विमा संपला’ म्हणतात आणि घाईने दुसरी पॉलिसी काढतात. आधी जुनी पॉलिसी उघडून दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा. उलटही होतं: पॉलिसी चालू असते, पण पोर्टलवर दिसत नाही. अशा वेळी पॉलिसीवर गाडी क्रमांकाच्या जागी ‘न्यू’ असंच राहिलंय का, चेसिस नंबरात एखादं अक्षर चुकलंय का ते पाहा. ही दुरुस्ती विमा कंपनी करून देते, त्यासाठी आरटीओत जाऊ नका.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसलेली आहे का ते पाहा. महाराष्ट्रात ती नसेल तर मालकीबदल, पत्ताबदल, बोजा चढवणं-उतरवणं ही कामं अडवली जातात. प्लेट आपल्या गाडीच्या मूळ आरटीओसाठी नेमलेल्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मागवा. रस्त्याकडेला मिळणारी तशीच दिसणारी प्लेट नोंदीत चढत नाही.

४. मोबाइल नंबर आणि नाव

आधारवर चालणाऱ्या ऑनलाइन सेवेत सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. गाडी नवी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, किंवा तुमचा पंधरा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर नोंदीत असतो. वाहन पोर्टलवर मोबाइल नंबर बदलायची सोय आहे. त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणीची वैधता आरसीवर असेल तशीच्या तशी द्यावी लागते. हे काम विकणाऱ्याने गाडी देण्याआधी करायचं, कारण सुरुवातीचा ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार असतो. गाडी गेल्यावर ‘काका, एक ओटीपी आलाय तो सांगता का’ असा फोन करावा लागला, की समोरचा माणूस बिचकतो, आणि हल्लीच्या दिवसांत बिचकायलाच हवं. व्यवहाराच्या दिवशी दोघांनी शेजारी बसून अर्ज भरणं सर्वांत सोपं.

नावाची गोष्ट याहून किचकट. आरसीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर उलटा क्रम. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. चौधरी हे आडनाव इंग्रजीत चारपाच तऱ्हांनी लिहिलं जातं. लग्नाआधी गाडी माहेरच्या नावावर घेतलेली असते आणि आधारवर सासरचं नाव असतं. क्रमाचा फरक सहसा चालून जातो, स्पेलिंगचा फरक कधी चालतो, कधी नाही. अशा वेळी ऑनलाइन पडताळणीचा हट्ट धरू नका. आधारच्या पडताळणीशिवाय अर्ज भरून, कागदपत्रं घेऊन आरटीओत समक्ष जाण्याचा मार्ग आहे. नाव पूर्ण बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी सोबत लागते.

त्रुटीत ‘सही जुळत नाही’ असं असेल, तर विकणाऱ्याने नोंदणीच्या वेळी जशी सही केली होती तशी करावी. तेव्हा मराठीत केली असेल तर आताही मराठीतच. हात थरथरतो, सही बदललीच आहे, असं असेल तर समक्ष हजर राहून ओळखपत्र दाखवणं हाच उपाय.

५. पैसे गेले, पावती नाही

लगेच दुसऱ्यांदा भरू नका. परिवहनच्या पोर्टलवर अडकलेला व्यवहार तपासायची सोय आहे, तिथे अर्ज क्रमांक टाका. बँकेकडून पैसे पोहोचले असतील तर पावती तिथूनच निघते. नसतील तर बहुधा परत येतात. ट्रान्सफरचं मूळ शासकीय शुल्क काही शे रुपयांतच असतं. उशिराचा भार, स्मार्ट कार्ड, बोज्याचं शुल्क धरून ते वाढतं. कोणी हजारांत आकडा सांगत असेल तर शासकीय पावती मागा, त्यावर प्रत्येक रक्कम वेगळी छापलेली असते.

६. बोजा

कर्जाचा शेवटचा हप्ता गेला म्हणजे आरसीवरचा बोजा आपोआप उतरला असं नव्हे. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. काही बँका आता बोजा उतरल्याचं थेट वाहन पोर्टलला कळवतात, म्हणून आधी पहिल्या तपासणीत बोजा दिसतोय का ते पाहा. दिसत नसेल तर धावपळ करू नका. एनओसीवर बहुधा ३ महिन्यांची मुदत छापलेली असते. कर्ज फिटल्यावर ती कपाटात पडून राहते आणि गाडी विकायच्या वेळी जुनी झालेली असते. नवी मागा, बँक देते.

बँक विलीन झाली असेल तर ज्या बँकेत गेली तिच्याकडून एनओसी घ्यायची. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, म्हणून त्यांच्या जुन्या कर्जांची पत्रं आता तिथून मिळतात. आपल्याकडे खरी अडचण पतसंस्थांची. संस्था अवसायनात निघाली, शाखा बंद झाली, पाटी उतरली, की लोक हात टेकतात. पण संस्थेचा कारभार गुंडाळण्यासाठी नेमलेला अवसायक असतो आणि एनओसी द्यायचा अधिकार त्याला असतो. त्याचं नाव आणि पत्ता तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात मिळतो. जाताना हप्त्यांच्या पावत्या, खातेउतारा, काहीही जुनं असेल ते न्या. काहीच कागद नसेल आणि अवसायकाकडेही खातं सापडत नसेल, तर इथे वकिलाचा सल्ला घ्या.

कर्ज चालू असताना गाडी विकायची असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते. ‘हप्ते मी भरीन, गाडी तुमच्याच नावावर राहू दे’ हा व्यवहार कधीही करू नका. हप्ता थकला की नोटीस तुम्हाला, अपघात झाला की दावा तुमच्यावर.

७. पंधरा वर्षं उलटलेली गाडी, परराज्यातली गाडी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपली असेल तर आधी गाडी निरीक्षकाला दाखवून पासिंग, पर्यावरण कर, आणि मग मालकीबदल. इथे खर्च खराच आहे, म्हणून व्यवहार ठरण्याआधी तो कोणी करायचा ते कागदावर लिहा.

बेळगाव, निपाणी, गोवा इथून आलेल्या गाडीला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वर एनओसी लागते, आणि महाराष्ट्रात कर भरावा लागतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची असेल तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घेणं भाग आहे. कर गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो, म्हणून सौदा करण्याआधीच पोर्टलवर किंवा आरटीओत हिशोब काढून घ्या. स्वस्तात मिळालेली जीए किंवा केए पासिंगची गाडी यामुळेच महाग पडते.

८. घेणारा गायब आहे

विकणाऱ्याने आधी पुरावे गोळा करावेत: करारपत्र, फॉर्म २९ ची प्रत, घेणाऱ्याचं ओळखपत्र, पैसे आल्याची बँकेतली नोंद, आणि ताबा पावती. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिलेली हवी. गाडी दुपारी दिली आणि संध्याकाळी अपघात झाला, असं घडतं. हे सगळं जोडून आरटीओला कलम ५० चा उल्लेख करून अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. एक प्रत घेणाऱ्याला त्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. पाकीट परत आलं तर न फोडता ठेवा. चलान येत असतील तर वाहतूक शाखेलाही हीच प्रत द्या. एवढ्याने नाव बदलत नाही, पण पुढे घेणाऱ्याकडून वसुली करायची वेळ आली किंवा पोलीस चौकशी झाली तर तुमच्या हातात तारखेचा कागद असतो.

गाडी डीलरला दिली असेल तर तो अधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत अधिकृत डीलरकडे गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने पोर्टलवर द्यायची सोय आहे. ती दिली की पुढची जबाबदारी डीलरवर जाते. कोऱ्या टीटीवर सही घेऊन ‘गिऱ्हाईक मिळालं की करतो’ म्हणणाऱ्या डीलरला गाडी देऊ नका.

घेणाऱ्यासाठीही इथेच एक सूचना. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर तुमच्याकडे येतो, तरी कलम १५७ प्रमाणे १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण मात्र पॉलिसी तुमच्या नावावर होईपर्यंत धरून चालू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तो विकणाऱ्याबरोबर जातो.

९. मालक वारले असतील

वडिलांच्या सहीसारखी सही करून फॉर्म भरायचा सल्ला कोणी दिला तर तो धुडकावून लावा. ती बनावट सही आहे, गुन्हा आहे, आणि गाडी पुढे ज्याला विकाल त्याचंही नुकसान होतं. सरळ मार्ग अवघड नाही. मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला कळवायची. तशी कळवली तर ३ महिने गाडी वापरता येते, आणि त्या काळात फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. आई, बहिणी, सगळ्यांची. बहिणीची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून सोडली की काम तिथेच अडतं. आरसीवर नॉमिनीची नोंद असेल तर हे फार सोपं होतं, म्हणून मालकाच्या हयातीतच ती नोंद करून घ्या.

कुठे थांबायचं

चेसिस जुळत नाही किंवा चोरीचा शेरा आहे, तर वर दुसऱ्या तपासणीत सांगितलं तसंच करा. वारसांत वाद आहे, एक जण सही देत नाही, असं असेल तर आरटीओत खेटे घालू नका. दिवाणी न्यायालयातून वारस दाखला किंवा आदेश आणावा लागेल, त्यासाठी वकील हवा. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांसारख्या परवान्याच्या गाड्यांत परवानाही स्वतंत्रपणे नावावर करावा लागतो. तिथे या कामाचा अनुभव असलेल्या माणसाला पैसे द्या, वाचलेल्या वेळात ते वसूल होतात.

आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली असेल, तर ‘गाडी मी कधीच विकली’ असं म्हणून ती बाजूला ठेवू नका. त्याच दिवशी अपघाताच्या तारखेला चालू असलेली पॉलिसी शोधा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि करारपत्र, ताबा पावती, आवक शिक्क्याची प्रत घेऊन वकिलाकडे जा. घेणाऱ्याला दाव्यात पक्षकार करायचं का ते वकील ठरवेल. नोटिशीतल्या तारखेला कोणी हजर राहिलं नाही तर दावा एकतर्फी चालतो.